आपल्या पुस्तकाचा ताळा

बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासणारा दुसरा असतो. पेढीवरही मुनीमजींनी लिहिलेला रोजमेळ शेटजींच्या नजरेखालून जातो. यामागे अविश्वास नसून मनुष्यस्वभावाची जाण आहे. स्वतःचे लिखाण वाचताना डोळे कागदावरील अक्षरांऐवजी मनातला मजकूर वाचतात. गळालेला अनुस्वार मन आपणहून भरून काढते.

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यापाशी हा दुसरा माणूस नसतो. ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत निवृत्तीनंतर आठवणी, यात्रावर्णन किंवा कुलवृत्तान्त छापणाऱ्या गृहस्थाला लेखक, प्रकाशक आणि मुद्रितशोधक या तिन्ही भूमिका एकट्यानेच पार पाडाव्या लागतात. आणि पुस्तक घरातच राहत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत द्यावयाची असते. १८६४ मध्ये स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय किंवा ठाण्याचे १८९३ चे मराठी ग्रंथसंग्रहालय येथे भेट दिलेली प्रत लेखकाच्या मागेही टिकते. उद्या एखादा पणतू तेथूनच पूर्वजाचे नाव आणि साल उतरवून घेईल. चुकलेले साल मग कुळाचे खरे साल होऊन बसेल.

अक्षराविषयीची ही जागरूकता आपल्या परंपरेला नवी नाही. ज्ञानाच्या चौदा अतिचारांत अक्षर कमी उच्चारणे आणि अधिक उच्चारणे या दोहोंची गणना आहे. आपल्या ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासलेली दिसते. गळालेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहिलेले आढळते.

छापील मराठीसाठी हे काम ठाण्याच्या अरुण फडके यांनी आयुष्यभर केले. २०२० मध्ये ते निवर्तले. त्यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ ही पुस्तिका लेखकाच्या मेजावर असावी. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियमही हाताशी ठेवावेत. ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, पण तत्सम ‘गीत’चे ‘गीताला’च राहते. विवाहाचे ‘पाणिग्रहण’ दीर्घ वेलांटीने ‘पाणीग्रहण’ झाले, तर हाताऐवजी पाणी धरले जाते! ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द खरे असल्याने संगणकाच्या तपासनिसावर विसंबून चालत नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरेही बिघडू शकतात.

मग एकट्याने ताळा कसा पाहावा? प्रथम पुनर्लेखन, नंतर मुद्रितशोधन, हा क्रम मोडू नये. जो परिच्छेद उद्या वगळायचा, त्याच्या वेलांट्या आज सुधारण्यात अर्थ नाही. पुनर्लेखन पुरे झाल्यावर हस्तलिखित काही दिवस बाजूस ठेवावे. मग वेगळ्या आकाराच्या टंकात कागदावर छापून वाचावे, म्हणजे ओळखीचा मजकूर थोडा परका होतो. एक वाचन फक्त नावे, तारखा आणि आकडे यांसाठी राखावे. खातेवहीतील नोंद पावतीशी ताडतात, तशी प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडावी. नंतर घरातील कोणी मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि लेखकाने मुद्रितावर बोट ठेवून ऐकावे. शेवटचे वाचन अखेरच्या पानाकडून पहिल्याकडे करावे. कथनाचा ओघ तुटला की अक्षरे दिसू लागतात. मुखपृष्ठ, शीर्षके आणि अर्पणपत्रिका विशेष तपासावी, कारण मोठ्या अक्षरांतील चूक सर्वांत सहज निसटते. दुरुस्ती झालेली ओळ शेजारच्या ओळींसह पुन्हा पाहावी.

एवढे करूनही परक्या नजरेची गरज उरतेच. मुखपृष्ठाच्या चकचकीत कागदावर खर्च करणाऱ्याने जाणकार मुद्रितशोधकाचे मानधन वाचवू नये. छापून गेलेल्या पुस्तकात मागाहून घातलेले शुद्धिपत्र फारसे कोणी वाचत नाही.