कुकरची रिंग कडक का होते?

शिटी होत नाही, वाफ कडेने फुसफुसते, आणि आपण म्हणतो, "डाळच मेली जुनी!" मैत्रिणींनो, डाळीला बोल लावण्याआधी कुकरची काळी रिंग वाकवून पाहा.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक. गंधकाबरोबर तापवले की ते पक्के होते, हे १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळले. गंधक रबराच्या लांबलचक धाग्यांना जागोजागी टाके घालतो. म्हणून रिंग ताणली तरी पुन्हा जागेवर येते. पण कुकरमध्ये उष्णता सुमारे १२० अंश सेल्सिअस! तिच्या जोडीला हवेतला प्राणवायू आला, की काही टाके उसवतात, काही नको तिथे नवे पडतात. रिंग कडक होते, भेगाळते. फ्रीजमध्ये ठेवून एखाद्या वेळी बसतेही, पण गेलेला लवचिकपणा काही परत येत नाही. कडेला कणीक लावून वाफ अडवण्याचा उद्योग तर मुळीच नको. वाफ गळत राहिली की आतले पाणी आटते, कुकर कोरडा तापतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो.

स्वयंपाक झाला की रिंग काढून धुवा, पुसा, शेगडीपासून लांब ठेवा. भेग दिसली की नवी आणा, त्याच कंपनीची, त्याच मापाची. घरातून "अजून चालेल की!" असे ऐकू आले तरी.