बाप्तिस्मा चारचौघांत

सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा असावा, हे ठरवण्यासाठी महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतरच्या चर्चेत बाप्तिस्म्याचं नाव निघतं ते बहुधा संशयानंच. कुणाच्या तरी घरात, दार लोटून, घाईघाईनं उरकलेला विधी असं चित्र वाचकासमोर उभं राहतं. निदान प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेला तरी हे चित्र लागू पडत नाही. बाप्तिस्मा बंद दाराआड होऊ नये म्हणून या परंपरेनं थेट राजाशी वाकडं घेतलं होतं.

स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स यानं १६१८ मध्ये पर्थच्या सभेत चर्चवर पाच कलमं लादली. सर्वांत मोठा भडका उडाला तो प्रभुभोजन गुडघे टेकून घेण्याच्या कलमावरून. पण घरी बाप्तिस्मा देण्याची मुभा देणारं कलमही प्रेस्बिटेरियनांना खपलं नाही. बाळ आजारी आहे, पाणी मिळालं नाही तर त्याच्या आत्म्याचा नाश होईल, ही भीतीच त्यांना अमान्य होती. तारण देव करतो, पाणी नव्हे. १६४०च्या दशकात वेस्टमिन्स्टर इथं तयार झालेल्या विश्वासजाहीरनाम्यात हेच नेमकेपणानं आलं: बाप्तिस्म्याची हेळसांड करणं मोठं पाप, पण तो न झाल्यानं कुणी तारणाला मुकतोच असं नाही. तो एकदाच द्यायचा, दीक्षित पाळकानंच द्यायचा. बुडवण्याची गरज नाही; पाणी ओतलं किंवा शिंपडलं तरी पुरे.

या विचारानं देवळाची मांडणीसुद्धा बदलली. दाराजवळच्या जुन्या दगडी कुंडाऐवजी स्कॉटलंडमध्ये अनेक ठिकाणी व्यासपीठालाच लोखंडी कडं ठोकून त्यात साधं भांडं बसवलं गेलं. जिथून उपदेश, तिथेच पाणी, आणि समोर सगळी मंडळी.

आजही विधी थोडक्यातच आटोपतो. आईबाप बाळाला घेऊन पुढे येतात. आपला विश्वास कबूल करतात, मुलाला त्याच विश्वासात वाढवण्याचं वचन देतात. पाळक बाळाचं नाव घेऊन पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं त्याच्या कपाळावर पाणी घालतात. मग पाळक मंडळीकडे वळून विचारतात, या लेकराला वाढवायला तुम्ही हातभार लावाल का? मंडळी उभी राहून होकार देते. माझ्या मते या विधीचं मर्म या होकारात आहे. बाळाला काहीच कळत नाही, हा आक्षेप जुना आहे. प्रेस्बिटेरियन उत्तर असं, की देवानं अब्राहामाशी केलेला करार त्याच्या लेकराबाळांसकट होता. त्यात आधी देवाचं वचन येतं, माणसाचा होकार नंतर. मोठं झाल्यावर मूल स्वतः मंडळीसमोर विश्वास कबूल करतं किंवा करत नाही.

पण बालपणीच बाप्तिस्मा मिळण्याचा हा हक्क विश्वासी आईबापांच्या मुलांपुरता आहे. इतरांनी स्वतः समजून मागितल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांची कसोटी इथेच लागली. मे १८३९ मध्ये जॉन विल्सन यांनी धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. शहर खवळलं, प्रकरण कोर्टात गेलं, विल्सनांच्या शाळेतली मुलं भराभर निघून गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपाद मात्र अजाण होता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलाच्या बाबतीत कोर्टाचा निकाल मला योग्य वाटतो. वेस्टमिन्स्टरचा नियम लावला तरी त्या वयाच्या मुलाला आईबापांच्या मर्जीविरुद्ध बाप्तिस्मा देणं सहज समर्थनीय ठरलं नसतं.

१९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. प्रेस्बिटेरियन वारशाच्या अनेक मंडळ्या त्यात, जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्टांच्या शेजारी येऊन बसल्या. तिथे बालबाप्तिस्माही चालतो आणि जाणत्या वयातलाही. कुटुंबानं ठरवावं, असा हा समंजस तोडगा आहे.

म्हणून चर्चना माझं सांगणं आहे: पाहुणे, फोटो आणि जेवण यांच्या गडबडीत मंडळीचा होकार उरकून टाकू नका. ज्या मुलासाठी उभे राहिलात, ते दहा वर्षांनी रविवारच्या शाळेत दिसतं का, याची चौकशी करा. प्रौढ माणूस आला तर त्याला पुरेसा वेळ द्या, शिकवा, प्रश्न विचारू द्या आणि भर उपासनेत सगळ्यांसमोर बाप्तिस्मा द्या. आणि सरकारला सांगणं एवढंच, की फसवणूक आणि धाकदपटशा जरूर शोधा. पण सज्ञान माणसानं चारचौघांत उभं राहून घेतलेल्या निर्णयाला पोलीस ठाण्याच्या परवानगीची गरज नाही.