छुपे शुल्क आणि ग्राहकांची एकजूट

थेंबे थेंबे तळे साचते, हे व्यापारी जाणतो. ग्राहक मात्र विसरतो. ऑनलाइन खरेदीत अगदी शेवटी वीस रुपयांचे ‘हाताळणी शुल्क’ बिलात शिरले, तरी तेवढ्यासाठी कोणी एकटा न्यायालयाची पायरी चढत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या रीतींना मनाई केली. पूर्ण किंमत आरंभी न सांगणे ही त्यांतलीच एक.

एकट्याला न परवडणारी दाद अनेकांना मिळून मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या ३५ व्या कलमानुसार, आयोगाच्या परवानगीने एका ग्राहकास समान हितसंबंध असलेल्या सर्वांच्या वतीने तक्रार मांडता येते. परंतु ही समानता दाखवावी लागते. बंगळूरच्या घरखरेदीच्या एका खटल्याने हाच धडा दिला. ‘ब्रिगेड लेकफ्रंट’ संकुलातील १,१३४ सदनिकांपैकी ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी विलंबाबद्दल सर्वांच्या वतीने तक्रार केली. सर्वांचे हित समान कसे, हे तीत पुरेसे मांडलेले नव्हते. म्हणून १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती त्या तक्रारदारांपुरतीच संयुक्त तक्रार मानली.

छुपे शुल्क सर्वांच्या बिलात एकाच रीतीने येते. तेथे ही समानता दाखवणे तुलनेने सोपे. त्यासाठी आरंभी दाखवलेली किंमत आणि अखेरचे बिल, दोन्ही जपून ठेवणे हे ग्राहकाचे पहिले काम होय.