कोण कुणाच्या यंत्रात शिरतंय?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी जणींचं ऑफिस घरात आलं. लॉगिन केलं की कामाचा एकच प्रोग्राम उघडायचा. तो चालतो ऑफिसच्या सर्व्हरवर. आपल्या लॅपटॉपवर नुसतं त्याचं चित्र येतं आणि आपण दाबलेली बटणं तिकडे पोचतात. कॉपी, प्रिंट बंद ठेवलं की ग्राहकाची माहिती आपल्या लॅपटॉपवर उतरत नाही.

पण अनोळखी माणूस फोनवर ‘एनीडेस्क टाका’ म्हणाला, तर उलटं होतं. तो आपल्या फोनमध्ये शिरतो. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. असा फोन सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लाजू नका, लगेच १९३० लावा.