गलबल्यातून वेचलेला ठोका

मुलांनो, मधल्या सुट्टीत वर्गात केवढा कलकलाट असतो! तरीही मैत्रिणीने मारलेली हाक तुम्हाला बरोब्बर ऐकू येते. मेंदू त्या सरमिसळीतून हवा तो आवाज वेगळा काढतो. कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने यावरचे प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध केले. आपल्याला सहज जमणारं हे काम संगणकाला मात्र भलतंच जड जातं.

पण जमलं तर उपयोग केवढा! पोटातल्या बाळाचं हृदय नीट चाललंय ना, हे डॉक्टरांना पाहायचं असतं. आईच्या पोटावर ईसीजीच्या तारा लावल्या, की दोन्ही हृदयांचे संकेत एकत्रच येतात. आईचा जोरदार, बाळाचा अगदी क्षीण! शिवाय प्रत्येक तारेवर मिसळण्याचं प्रमाण निराळं. ते ठाऊक असतं, तर गणित सोपं होतं. ते ठाऊक नाही, हीच अडचण.

इथे शेतकऱ्याची युक्ती कामी येते. टपोरी कणसं तो बियाण्यासाठी राखतो आणि पुढच्या हंगामात तेच बी पेरतो. संगणकही आधी प्रमाणाचे, समजा, १०० अंदाज करतो, अगदी डोळे मिटून! प्रत्येक अंदाज वापरून संकेत वेगळे करायचे आणि त्याला गुण द्यायचे. कमी गुणांचे अंदाज बाद. जास्त गुणवाल्या दोघांचे थोडे थोडे आकडे घेऊन नवा अंदाज तयार करायचा. मधूनच एखादा आकडा किंचित बदलायचा. अशा पिढ्यांमागून पिढ्या! अमेरिकेच्या जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ही पद्धत पुस्तकात मांडली. तिला जनुकीय अल्गोरिदम म्हणतात. याहून झटपट रीतीही आहेत. पण मिसळण गुंतागुंतीची असेल, तेव्हा हिचा उपयोग होतो.

पण मूळ संकेत पाहिलेलेच नाहीत, मग गुण कशावरून द्यायचे? इथेच खरी गंमत आहे, बरं का! दोन्ही हृदयं आपापल्या तालात चालतात. म्हणून वेगळ्या केलेल्या एका संकेताच्या चढउतारावरून दुसऱ्याचा काहीच सुगावा लागत नसेल, तर पैकीच्या पैकी गुण! लागला, तर अजून भेसळ आहे.

शेवटी दोन रेघा मिळतात. कोणती कोणाची, हे संगणक सांगत नाही. ते तुम्ही ओळखा! बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६०. आईचे बहुधा १०० च्या आत.

आता आईच्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजा. तुमच्या जन्माआधी तुमचे ठोके यांच्याच सोबतीने पडत होते!