आरोग्याचं विधेयक कसं वाचायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न व उत्तरं.)

आजचा विषय आहे राज्यांचे सार्वजनिक आरोग्याचे कायदे, आणि त्यातही कायदा होण्याआधीचं त्यांचं रूप, म्हणजे विधेयक. विधेयक म्हटलं की आपल्याला वाटतं, हे वकिलांचं काम, आमदारांचं काम. पण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात ‘आधी डिपॉझिट भरा, मग बघू’ असं काउंटरवरचा माणूस म्हणू शकतो की नाही, हे अशा विधेयकातल्या एखाद्या वाक्यावर ठरतं. म्हणून आज आपण एकच विधेयक नीट बघणार आहोत: राजस्थानचं आरोग्य हक्काचं विधेयक.

आधी एक साधा प्रश्न. हे राज्याचं काम का? कारण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत, सहाव्या क्रमांकावर. केंद्राने २०१० साली रुग्णालयांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा केला, पण बहुतेक राज्यांमध्ये तो आपोआप लागू होऊ शकत नव्हता. राज्याने ठराव करून तो स्वीकारायचा होता. राजस्थानने स्वीकारला. महाराष्ट्राने नाही. आपल्याकडे खाजगी रुग्णालयांची नोंदणी आजही १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते.

आता, आरोग्याचे कायदे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात सरकारला लोकांवर अधिकार मिळतो. दुसऱ्या प्रकारात लोकांना सरकारकडे आणि रुग्णालयाकडे काहीतरी मागण्याचा हक्क मिळतो.

पहिल्या प्रकाराचं ठळक उदाहरण आपल्याच भूमीतलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा. त्यात सरकारला तपासणी करता येईल, लोकांना वेगळं ठेवता येईल, नियम मोडणाऱ्याला शिक्षा करता येईल, हे सगळं होतं. रुग्णाला काय मिळेल, याबद्दल एक ओळही नव्हती. त्या अधिकारांचा पुण्यात कसा वापर झाला, घराघरांत कशा झडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी कशी चालली, हा इतिहास आपण शाळेत शिकलोय. गंमत अशी, की २०२० मध्ये कोविड आला तेव्हाही राज्यांनी हाच कायदा बाहेर काढला. सव्वाशे वर्षांनंतर!

दुसऱ्या प्रकाराची सुरुवात विधिमंडळातून नाही, न्यायालयातून झाली. १९८९ चा परमानंद कटारा खटला. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने सांगितलं, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. वाटेतच तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंगालचं प्रकरण आलं. मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक परत पाठवत राहिली. खाट नाही, सोय नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याच्यावर उपचार झाले. न्यायालय म्हणालं, हा संविधानाच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्याला २५ हजारांची भरपाई दिली.

निकाल उत्तम. पण त्या मजुराच्या हातात भरपाई पडायला चार वर्षं लागली, तीही दिल्लीपर्यंत गेल्यावर. निकालाने तत्त्व मिळतं. पण त्या रात्री फोन कुणाला करायचा आणि बिल कुणी भरायचं, हे ठरवायला कायदाच लागतो. राजस्थानचं विधेयक नेमकं इथे येतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये ते विधानसभेत मांडलं गेलं. विरोध झाला, म्हणून प्रवर समितीकडे गेलं. बदल होऊन २१ मार्च २०२३ ला मंजूर झालं. त्याचा गाभा असा: राज्यातल्या रहिवाशाला सरकारी आरोग्यसंस्थांमध्ये तपासणी, औषधं, उपचार मोफत. आणि तातडीच्या प्रसंगी, म्हणजे अपघात, सर्पदंश किंवा प्राण्याचा चावा, आणि प्राधिकरण ठरवेल असे इतर प्रसंग, आगाऊ पैसे न मागता उपचार. रुग्णाने नंतरही पैसे दिले नाहीत, तर रुग्णालयाला सरकारकडून भरपाई. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर २५ हजारांपर्यंत दंड.

यावर खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. दोन आठवड्यांच्या आसपास खाजगी रुग्णालयं बंद राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, डॉक्टरांना गरिबांवर उपचारच करायचे नाहीत. पण त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दहा खाटांचं रुग्णालय चालवणारी एखादी डॉक्टर विचारते, सरकारकडून पैसे येणार ते किती दिवसांत? कोणत्या दराने? छातीत दुखतंय म्हणून आलेला प्रत्येक जण ‘तातडीचा’ का? माझ्याकडे हृदयाचा तज्ज्ञ नसेल तर मी काय करायचं? हे प्रश्न खरे होते. आणि उपचाराविना परत जाणाऱ्या रुग्णाचा प्रश्नही तेवढाच खरा होता. दोघांच्याही प्रश्नाची उत्तरं एकाच शब्दात अडकली होती. तो शब्द म्हणजे ‘विहित’.

आपल्या कोणत्याही विधेयकात हा शब्द सापडेल. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’. याचा साध्या मराठीत अर्थ, की याचा तपशील आम्ही नंतर नियमांमध्ये सांगू. नियम विधानसभा करत नाही, ते सरकारचा विभाग करतो. यात मुळात काही चूक नाही. फॉर्मचा नमुना कायद्यात लिहीत बसलो तर कायदा कधी पुरा होणार नाही. पण हक्काचा कणाच जर ‘विहित’वर सोपवला, तर हक्क कागदावर राहतो. भरपाई मिळेल, पण कशी ते विहित होईल. तातडीचा प्रसंग कोणता, ते प्राधिकरण ठरवेल. म्हणजे सभागृहात मंजूर काय झालं? वचन. त्याची तारीख ठरली नाही.

पुढे काय झालं बघा. ४ एप्रिल २०२३ ला सरकार आणि डॉक्टरांमध्ये समझोता झाला. ५० पेक्षा कमी खाटांची खाजगी रुग्णालयं वगळायची. ज्यांनी सरकारकडून सवलतीत जमीन वगैरे घेतलेली नाही, तीही वगळायची. आता कायद्याच्या मजकुरात ही सूट नव्हती. ती विधानसभेबाहेर झालेल्या समझोत्यात होती. कायदा म्हणतो सगळ्यांना लागू, समझोता म्हणतो थोड्यांना. मग जुळवणी कुठे करायची? पुन्हा नियमांमध्येच. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक होऊन सरकार बदललं, तोवर नियम लागू झालेले नव्हते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की आरोग्याचं विधेयक हातात आलं की उद्देश आणि कारणांच्या गोड परिच्छेदावर थांबू नका. पेन्सिल घ्या आणि ‘विहित’ या शब्दाखाली रेघ मारत जा. मग चार गोष्टी शोधा. एक, पैसे कोण देणार, आणि किती दिवसांत? विधेयकाला जोडलेलं वित्तीय ज्ञापन असतं, ते वाचा. त्यात आकडा आहे, की ‘नेमका अंदाज करणे शक्य नाही’ एवढंच आहे? दोन, महत्त्वाच्या शब्दांची व्याख्या कायद्यातच आहे की नंतरवर टाकली आहे? तीन, तक्रार ऐकणारा कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच साहेबाकडे ती जाणार असेल तर तिचा उपयोग किती? चार, नियम करायला मुदत दिली आहे का? मुदत नसेल तर हक्काला सुरुवातच नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: महाराष्ट्रात रुग्ण म्हणून आज आमच्या हातात काय आहे?

उत्तर: १९४९ च्या कायद्याखालचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यात रुग्ण हक्कांची सनद आहे, दर दर्शनी भागात लावायचे आहेत, आणि तक्रार ऐकण्याची तरतूद आहे. तेव्हा रुग्णालयात गेलात की दरपत्रक कुठे लावलंय ते विचारा. न भांडता विचारा. विचारणारे वाढले की फलक लागतात. आणि तातडीच्या उपचाराबाबत १९८९ चा निकाल महाराष्ट्रातही लागू आहेच.

प्रश्न: असा हक्क दिला तर छोटी रुग्णालयं बंद पडणार नाहीत का?

उत्तर: पैसे वेळेवर मिळाले नाहीत तर पडतील. म्हणूनच मी पहिला प्रश्न पैशांचा ठेवला. छोट्या गावात तेच एक रुग्णालय असतं. ते बंद पडलं तर हक्क कुणाकडे मागणार? भरपाईची मुदत कायद्यातच लिहिली, तर रुग्ण आणि डॉक्टर दोघंही वाचतात.

प्रश्न: सामान्य माणसाने सूचना द्यायची कुठे?

उत्तर: विधेयक समितीकडे गेलं तर समिती सूचना मागवू शकते. नियमांचे मसुदेही बऱ्याचदा राजपत्रात हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतात, आणि त्याला ठरावीक मुदत असते. विधेयकावर लोक भरपूर बोलतात. नियमांच्या मसुद्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. खरं तर तुमची दोन पानी सूचना तिथेच जास्त उपयोगी पडते.