मल्हारगडाच्या पायथ्याची वाट

दुर्गभ्रमणाचा छंद महाराष्ट्रात आता इतका फोफावला आहे की, ज्या डोंगरावर चढताना छाती भरून येत नाही आणि ज्याच्या कड्याला दोर लावावा लागत नाही, तो डोंगर गिर्यारोहकाच्या गणतीतच नाही, अशी समजूत तरुण मंडळींत दृढ होऊ लागली आहे. या समजुतीमुळे ज्या सुलभ वाटांची उपेक्षा होते, त्यांपैकी पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावातून निघून मल्हारगडास वळसा घालणारी आणि शेते, गायराने व माळ ओलांडत पुन्हा सोनोरीस येणारी वाट ही एक होय. मध्यम चालीच्या माणसाला, वाटेत विसावे घेत, ती तीन-चार तासांत सहज पुरी करता येते.

ही वाट सुगम का, याचे उत्तर सह्याद्रीच्या रचनेत आहे. मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या भुलेश्वर रांगेवर सिंहगड, पुरंदर, वज्रगड आणि मल्हारगड हे किल्ले वसले आहेत. परंतु पश्चिमेच्या वेल्ह्याकडे मुसळधार कोसळणारा पाऊस सासवडच्या बाजूस पोहोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो, आणि त्यामुळे या उतारांवर निबिड अरण्याऐवजी उघडी गवताळ माळराने, मुरमाड जमिनी आणि त्यांच्या खालच्या खोलगटांत तुकड्यातुकड्यांनी साचलेली काळी माती आढळते. अशा भूमीत पाऊलवाट झाडोऱ्यात हरवत नाही. पुढचा टप्पा नजरेच्या आवाक्यात राहतो. मल्हारगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 3,100 फूट असली तरी पायथ्याचे पठारच उंचावर असल्याने प्रत्यक्ष चढ काही शे फुटांचाच भरतो.

सोनोरी हे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचे गाव. त्यांचा बुरूजबंद वाडा गावात आहे, आणि लक्ष्मीनारायण व मुरलीधर यांची देवळेही पाहण्यासारखी आहेत. भिवराव यशवंत आणि कृष्णाजी माधवराव पानसे यांनी 1757 ते 1760 या काळात मल्हारगड उभारला. मराठी राज्यात बांधल्या गेलेल्या गिरिदुर्गांत तो शेवटचा समजला जातो. दिवेघाटावर नजर ठेवणे हा त्याचा हेतू, आणि खंडोबाच्या नावाने त्याचे नामकरण झाले. थोरले माधवराव पेशवे 1771 च्या सुमारास गडावर येऊन गेल्याचे इतिहास सांगतो. त्यानंतर अर्धशतक उलटायच्या आतच पेशवाई बुडाली आणि गडाची कामगिरी संपली.

गाव मागे टाकल्यावर वाट शेतांमधून चढते, आणि येथेच चालणाऱ्याने पाय आवरून डोळे उघडे ठेवावेत. उतार अडवून माती धरून ठेवण्यासाठी दगडांच्या ताली घातलेल्या आहेत. त्यांच्यामुळे पडलेल्या पायऱ्यांवर बाजरी, ज्वारी, घेवडा आणि वाटाणा ही पिके ऋतुमानाप्रमाणे पालटत राहतात. दिवाळीच्या सुमारास बाजरीची कापणी होऊन खळी उरकलेली असतात आणि हस्ताच्या ओलीवर पेरलेली रब्बीची ज्वारी हातभर वाढू लागते. मुरमाड जमिनीवर सीताफळाच्या बागा आहेत. अंजीर तर या तालुक्याचे भूषण, इतके की पुरंदरच्या अंजिरास 2016 साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. अंजिराचे खट्टा आणि मिठा असे दोन बहर धरले जातात, पैकी उन्हाळ्यात येणारा मिठा बहर नावाप्रमाणेच अधिक गोड असतो.

शेते संपतात तेथे गायरान सुरू होते. पावसाळ्यानंतर येथील गवत गुडघाभर वाढून पिवळे पडू लागते. त्यात मारवेल व पवन्या ही जनावरांच्या आवडीची गवते असतात, तशी कुसळीही असते, जी पायमोज्यात शिरून पांथस्थास आपली ओळख पटवून देते. चंडोल आणि तित्तिर यांचे हे माहेर होय. दिवाळीच्या आगेमागे दख्खनच्या अवर्षणप्रवण भागांतून धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात, आणि अशा माळांवर व कापणी झालेल्या रानांत त्यांचा मुक्काम पडतो. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतो, लेंडीखत मिळवतो, आणि मोबदल्यात धनगरास धान्य किंवा रोकड देतो. अंगी घोंगडी घेतलेला मेंढपाळ आणि बागायतदार यांच्यातील हा करार कागदावर क्वचितच उतरतो. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला जातो.

गडावर पोहोचल्यावर त्रिकोणी तट, आतला चौकोनी बालेकिल्ला आणि त्यात शेजारी शेजारी उभी असलेली खंडोबा व महादेवाची देवळे दिसतात. हवा स्वच्छ असेल तर कऱ्हेच्या खोऱ्यापलीकडे पुरंदर व वज्रगड यांची जोडी आणि आग्नेयेस जेजुरीकडचा मुलूख ओळखू येतो. उतरताना झेंडेवाडीकडील वाट धरावी आणि गावकऱ्यांस विचारून गडाचा पायथा उजवा-डावा जसा पडेल तसा धरत बांधाबांधाने सोनोरी गाठावी.

परंतु या भ्रमंतीत गडापेक्षा मला वाटच अधिक विचार करावयास लावते. आपल्या मुलखात गावाची चतुःसीमा, शीव आणि रस्ते ही दप्तरात नोंदलेली आहेत. भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखविलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, आणि एकेरी तुटक रेषेची पाऊलवाट सव्वाआठ फूट रुंद, असा दंडक आहे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम, 1906 च्या कलम 5 अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. बांधावरून जाण्या-येण्याचा खातेदाराचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 ने मान्य केला आहे. आणि त्याच अधिनियमाच्या कलम 22 अन्वये जिल्हाधिकारी मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवू शकतो. सार्वजनिक जमिनी अतिक्रमणमुक्त कराव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली जगपाल सिंग प्रकरणात दिला. एवढी कलमे असूनही पाणंदी दर नांगरटीगणिक आकसतात, कारण कागदावरील रेषेचे रक्षण कायद्याने होत असले तरी भूमीवरील रेषा रोजच्या वर्दळीवाचून टिकत नाही.

म्हणून अशा वाटेने जाणाऱ्यावर काही जबाबदारी येते. उभ्या पिकातून आडवाट न काढणे, फाटक जसे आढळले तसेच मागे लावणे, कळपाच्या मधून न जाता बाजूने जाणे, झाडावरचे फळ हवे असल्यास मालकाकडून विकत घेणे, आणि खाऊचे वेष्टन पाठीवरच्या पिशवीत परत नेणे, हे शिष्टाचार क्षुल्लक वाटतात खरे. परंतु पाहुण्याने एकदा शेत तुडवले की शेतकरी बांधावर काटेरी कुंपण घालतो, आणि मग त्याच बांधावरून बैलगाडी नेणाऱ्या शेजाऱ्याचीही कोंडी होते. शहरातून आलेल्या माणसाचे वागणे गावाच्या वहिवाटीच्या बाजूने पडते की विरुद्ध, हे त्याच्या पावलांवरच ठरते.